न विचारता उसवलेलं

४ फेब्रुवारी

दुकान बंद करून आज अडीच महिने झाले. मशीन पुढच्या खोलीत खिडकीजवळ आहे आणि कापडाची सात खोकी सोफ्यामागे. बायकोचं म्हणणं, एक तर खोकी काढा नाही तर सोफा काढा. माझी दोन्ही काढायची तयारी नाही, त्यामुळे रोज तोच संवाद होतो.

आज सूनबाईनं एक खोकं परस्पर उघडलं. सुटाच्या कापडाची नमुन्यांची पुस्तकं त्यात आहेत, अडतीस वर्षांत कंपन्यांनी पाठवलेली. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे, एक वाजता येते. आली, जेवली आणि फरशीवर नमुन्यांचे चौकोन मांडत बसली. म्हणाली, बाबा, हे जोडून झकास कुशनं होतील.

मी सांगितलं की आमच्या धंद्यात याला ठिगळ म्हणतात. मी आयुष्यभर कोट शिवले. ठिगळ लावून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी पायरीवरूनच परत पाठवत असे.

ती म्हणाली, "ठिगळ भोकावर लावतात. इथे भोक कुठे आहे?"

पोरगी तोंडाची तिखट आहे. मुलगा कामासाठी परगावी, महिन्यातून दोनदा घरी येतो. म्हणजे तिच्या तोंडाला तोंड द्यायला मीच.

६ फेब्रुवारी

एक कुशन शिवून बघितलं. निव्वळ तिची हौस भागावी म्हणून.

फजिती झाली. सगळे चौकोन सारखे कापले, टीप सुतासारखी सरळ, आणि तयार झालं तेव्हा ते ठरवल्याच्या निम्मंच भरलं. वर आतून गादीसारखं टणक. मी टेप लावून तीनदा मोजलं. सूनबाईनं ते उलटं केलं आणि खो खो हसत सुटली. प्रत्येक शिलाईला मी आत इंचभर कापड सोडलं होतं. पँटला सोडतो तसं, पुढे कंबर वाढली तर सैल करता यावी म्हणून.

"बाबा, गिऱ्हाईक जाडं होतं. कुशन होत नाही."

बायको दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत सुटणार. दुसरं शिवायला घेतलंय, पाव इंच सोडून.

१३ फेब्रुवारी

मोठी बातमी. दुसरं कुशन सूनबाईनं वाचनालयात नेऊन दाखवलं आणि आज तिथल्या बाई स्वतः घरी आल्या. बाई म्हणजे ग्रंथपाल. काटक, केस कापलेल्या, आणि कापड बोटांत चोळून बघणाऱ्या. असं माणूस मला आवडतं.

वाचनालयाची नवी खोली होते आहे. खिडक्यांखाली भिंतभर बाक, त्यावर अठरा कुशनं हवीत. तीस मार्चला खोली उघडणार. नक्षी त्यांनीच कागदावर काढून दिली. प्रत्येक कुशनावर पाच पायऱ्या, पायरीला चार चौकोन. सगळ्यात खाली काळी पायरी, मग गडद निळी, मग निळी, मग राखाडी आणि वर अगदी फिकी राखाडी. बाई म्हणाल्या, बघणाऱ्याला खालून वर उजाडत गेल्यासारखं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, वाटेल.

खरं लिहितो, वही माझीच आहे. दुकान बंद झालं तेव्हापासून सकाळी दाढी करायला कारण उरलं नव्हतं. रेडीमेडनं गिऱ्हाईक पळवलं, त्याला माझा इलाज नव्हता. पण ही अठरा नीट उतरली तर मी अजून मास्तर आहे. नाही उतरली तर सोफ्यामागचं आठवं खोकं. आज रात्रीच्या जेवणाला दोन पोळ्या जास्त गेल्या.

१५ फेब्रुवारी

कामाची वाटणी झाली. म्हणजे मी केली. रंग निवडणं, कापणं आणि जोडणं माझं. इस्त्री, पाठीचं कापड आणि कापूस भरणं सूनबाईचं. तिची एक चिमुकली विजेची मशीन आहे, तिच्यावर ती पाठ लावेल.

ती म्हणाली, रंग मी लावून देऊ का? रोज सकाळी पाच गठ्ठे करून ठेवीन, तुम्ही नुसतं जोडत जा. मी साफ नाही म्हटलं. रंग निवडायचा तर त्याला मुरलेली नजर लागते. काळा आणि गडद निळा यांतला फरक मी डोळे मिटून सांगेन. ती बायकोकडे बघत राहिली. बायको भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "बघू."

काय बघू? हाताखालचे लोक असेच हळूहळू वर सरकतात. मी पुष्कळ बघितलेत.

२१ फेब्रुवारी

तीन झाली. हात मोकळा झाला.

खिडकीवरचा दिवा बदलला, जुना फारच मिणमिणता होता. नवा आणला तर तो डोळ्यांवर येतो, भोवती फुललेलं कडं दिसतं. हल्ली दिवेसुद्धा धड करत नाहीत. सुयांची भोकंही बारीक काढायला लागलेत, कंपन्यांना लोखंड वाचवायचं असेल.

सूनबाईनं गठ्ठ्यांवर एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. मी काढून टाकल्या. मी काय बालवाडीत आहे?

३ मार्च

सहा झाली. पहिली चार भरून, इस्त्री करून सोफ्यावर मांडली आहेत. लांबून बघितली. वा! स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण करायला घरात दुसरं कोणी पुढे येत नाही. बायको नुसती बघते. सूनबाई म्हणते, "छान झालीत बाबा," आणि लगेच विषय बदलते.

तिचं काहीतरी बिनसलंय. दुपारी कामावरून आल्यावर पूर्वी पडायची, आता पडत नाही. मी दोन ते चार झोपतो तेव्हा तिची मशीन चालू असते. पाठ लावायला एवढा वेळ? शिकाऊ आहे, लागत असेल.

बायकोनं आज पुन्हा चष्म्याचं काढलं. सहा वर्षांपूर्वी नंबर तपासला होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या वयाला उत्तम. वय तेवढं काही बदललेलं नाही.

७ मार्च

काजबटण येऊन गेला. माझ्या दुकानात तो वीस वर्षं काजं करायचा आणि बटणं लावायचा, म्हणून नावच ते पडलं. आता कारखान्यात असतो. सोफ्यावरची कुशनं बघून म्हणाला, मास्तर, काय रंग साधलाय! मग मशीनवरचं आठवं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, हे असंच ठेवायचंय?"

मी म्हटलं, हो, असंच. त्यानं मान डोलावली. मोठं काम बघितलं की असा माणूस बोलायचाच थांबतो. जाताना स्वयंपाकघरात सूनबाईशी काहीतरी कुजबुजला, तिनं त्याला डबाभर लाडू दिले.

११ मार्च

आज मशीनवर बसलो नाही.

सकाळी चौथ्या कुशनाचा एक कोपरा नीट भरलाय का म्हणून चाचपला. बोट शिलाईच्या सुरुवातीला लागलं आणि तिथे गाठ लागली. माझी मशीन पायाची, तिला उलटी टीप नाही. मी सुरुवात करतो ती बारीक टाके घालून, चाळीस वर्षं तीच सवय, तिथे हाताला काही लागत नाही. सूनबाईच्या मशीनला उलटा खटका आहे. ती पुढे, मागे, पुढे करते आणि तिथे तिळाएवढी गाठ बसते.

पाठीला तिची टीप असणारच. पण ही गाठ पुढच्या बाजूला होती, पायऱ्यांच्या मध्ये.

सगळी चाचपली. पाच कुशनांत दुसरी पायरी पूर्ण उसवून पुन्हा जोडली आहे. माझं काम, मला न विचारता.

माझ्या दुकानात एकच नियम होता. दुसऱ्याची टीप उसवायची तर आधी त्याला विचारायचं. चुकली असली तरी विचारायचं, उपाशी मरत असलात तरी विचारायचं. यावरून एका कारागिराला मी भरल्या दुकानातून बाहेर काढला होता. सूनबाईला हा नियम ठाऊक आहे, तिला मीच सांगितला आहे. म्हणजे जाणूनबुजून केलं. दिसायला गरीब गाय. उद्या बघतो.

१२ मार्च

जेवून रोजच्यासारखा आत जाऊन पडलो, जागाच. अर्ध्या तासानं तिची मशीन सुरू झाली. उठून गेलो. जेवणाच्या टेबलावर माझं सातवं कुशन उलटं पडलेलं, तिच्या हातात उसवायचं, दाढीचं अर्धं पातं आणि दोऱ्याचे तुकडे मांडीवर.

काय चाललंय, म्हणून विचारलं. ती दचकली. मग म्हणाली, "टीप जरा वाकडी गेली होती बाबा. सरळ करतेय."

माझी टीप वाकडी! तिनं खरोखर थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. मी वाटेल ते बोललो. सगळं लिहीत नाही, सगळ्यात वाईट तेवढं लिहितो. म्हणालो, "माझ्या कामावर तुला तुझं नाव लावायचंय तर तसं सांग. चोऱ्या कशाला करतेस?"

तिनं मांडीवरचे दोरे झटकले. पातं कागदात गुंडाळून ठेवलं. कान लाल झाले होते.

बायको स्वयंपाकघरातून आली. कपाटातून एक कापडी पिशवी काढून तिनं माझ्यापुढे टेबलावर ओतली. चौकोन होते, वीसेक तरी. म्हणाली, हे तिनं उसवून काढलेले, कुठल्या रंगाचे आहेत सांगा.

मी म्हटलं, दिसत नाही का? गडद निळे. चांगले निळे काढून टाकलेत हिनं.

"यात एकही निळा नाही," बायको म्हणाली. "सगळे काळे आहेत."

१३ मार्च

चौकोन घेऊन दारात उन्हात उभा राहिलो. निळेच दिसत होते. खरं म्हणजे निळेही नाहीत आणि काळेही नाहीत, नुसते गडद. आधी कधी मी असं नीट बघितलंच नव्हतं. मी बघत नव्हतो, मला ठाऊक होतं.

बायकोला दहा काळे आणि दहा निळे मिसळून द्यायला सांगितलं. वेगळे केले. वीसपैकी अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढे आले असते.

भीती वाटली. लाज त्याहून जास्त वाटली.

१६ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, बायकोनं दंडाला धरून नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टर तरुण आहेत, बोलतात छान. म्हणाले, काळजी करू नका, काढला की रंग परत दिसतील. उजवा आधी, दोन एप्रिलला. निळ्याचं असंच होतं म्हणाले, तो आधी जातो आणि हळूहळू जातो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही.

किती वर्षं झाली असतील, विचारलं. चार तरी, म्हणाले.

घरी येईपर्यंत मी ती चार वर्षं मोजत होतो. बँकेचे मॅनेजर, दर वर्षी दोन सूट. चार वर्षांपूर्वी गडद निळा सूट नेला आणि परत फिरकले नाहीत. त्यांच्या मागोमाग वकील गेले. शाळेचे हेडमास्तर गेले. मी सगळ्यांना सांगत राहिलो, रेडीमेडनं नेले.

काजबटणला फोन केला. सरळ विचारलं, मॅनेजरांच्या सुटाची पँट कोणत्या रंगाची होती? तो म्हणाला, मास्तर, जाऊ द्या. मग म्हणाला, काळी. कोट निळा आणि पँट काळी. मी ओरडलो, अरे मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मास्तर, तुम्हाला कोण सांगणार?"

वीस वर्षं माझ्याजवळ बसलेला माणूस. त्याचा राग यायला हवा होता, आला नाही.

१९ मार्च

तीन दिवस मशीनवरचं झाकण काढलं नव्हतं. बारा झालीत, सहा राहिलीत आणि दिवस अकरा. आज सूनबाई कामावरून आली तेव्हा मी तिच्या टेबलापाशी जाऊन बसलो. हातात आठवं होतं, काजबटणनं बघितलेलं.

विचारलं, टीप वाकडी होती का?

"तुमची टीप कधीच वाकडी नव्हती, बाबा."

मग तसं का म्हणालीस?

ती म्हणाली, टीप वाकडी म्हटल्यावर तुम्ही भांडणार, आणि भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी टीप सरळ मारून दाखवायला मशीनवर बसणार. रंग चुकतोय म्हटलं असतं तर मशीन झाकून ठेवली असती. मग हसायचा प्रयत्न करून म्हणाली, "ठेवलीतच ना."

चोरी केलीस म्हटलं तेव्हासुद्धा हिनं खरं कारण सांगितलं नव्हतं. नाव बुडू द्यायचं नाही म्हणून स्वतः चोर ठरली, आणि नाव माझं होतं. मी असा कारागीर बघितलेला नाही आणि मी तसा मास्तरही नव्हतो.

शेवटी म्हटलं, माझं चुकलं. अडतीस वर्षांत हे वाक्य दुकानात बोललो नव्हतो, त्यामुळे फार हळू आवाजात आलं. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिनं आठवं माझ्या हातातून घेतलं आणि विचारलं, उसवू?

उसव म्हटलं.

२३ मार्च

नवी पद्धत बसली. ती पहाटे कामावर जायच्या आधी पाच पायऱ्या टाचणीनं टाचून ठेवते, आकड्यांच्या चिठ्ठ्यांसकट. चिठ्ठ्या मी काढत नाही. मी जोडतो. दुपारी ती बाकीचं करते. दोन तास झोपायची सवय मोडली, आता समोरासमोर बसून काम चालतं आणि तोंडंही चालतात. सुरुवातीला बारीक टाके कसे घालायचे ते तिला शिकवलं. तिसऱ्या प्रयत्नाला गाठ लागेनाशी झाली. चौथ्याला मीच कौतुक केलं, तर पाचव्याला बिघडवलं. माझा दोष, कौतुकाची घाई केली.

पंधरा झाली.

२९ मार्च

अठरा पोचवली. वाचनालयाच्या बाईंनी एकेक बाकावर मांडलं आणि दारापाशी जाऊन लांबून बघितलं. मग पुन्हा जवळ येऊन एक हातात घेतलं, कापड चोळलं. म्हणाल्या, "उजाडलं."

मला उजाडलेलं दिसलं नाही, गडदातून फिक्याकडे गेलेलं तेवढं दिसलं. तसं बाईंना सांगितलंसुद्धा. कापणं आणि शिवणं माझं, रंग सगळा सूनबाईचा, मला चार वर्षं निळा दिसत नाही. चारचौघांत बोललो. बाईंचा शिपाई, सुतार, बायको, सगळे ऐकत होते. आभाळ कोसळेल असं वाटलं होतं, सुतारानं फक्त शिडी बाजूला सरकवली.

बाईंना आता मुलांच्या खोलीसाठी दहा हवीत, लाल-पिवळी. सूनबाई म्हणाली, मास्तरांना विचारून सांगते.

३ एप्रिल

(बाबा सांगतायत, मी लिहितेय. सूनबाई.)

उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, डावा कुचकामी. डॉक्टरांनी वाचायला, लिहायला आणि वाकायला मनाई केली आहे. म्हणून वही सूनबाईच्या हातात दिली. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, दुखलं नाही, मी घाबरलो होतो. घाबरलो होतो हे आधी लिही, दुखलं नाही ते नंतर. नंतरच लिहिलंय म्हणते. असू दे.

मागची पानं वाचायची नाहीत असं तिला बजावलं. काल दवाखान्यात जायच्या आधी मी ती सगळी टाचण्या लावून बंद केली आहेत. ती म्हणते, बाबा, टाचण्या एका बाजूनं लागल्यात, अकरा आणि बारा मार्च उघडेच आहेत. मी विचारलं, वाचलंस? ती म्हणाली, गरीब गाय इथपर्यंत. मग हसायला लागली, अजून हसते आहे, म्हणून हे अक्षर असं आलंय. टाचण्या एका बाजूनं लागल्या, तो दोषही डोळ्यांचाच.

उद्या पट्टी सुटेल. सुटली की आधी बाकावरचे निळे बघायला जाणार, डॉक्टर काहीही म्हणोत. बायको म्हणते, काही जायचं नाही. ते नंतर बघू.

आता हे लिही. मी दुकानात अकरा कारागीर घडवले. बारावी ही, आणि हिच्याकडून मी शिकलो.

ती म्हणते, हे नको बाबा, हे मी कसं लिहू? मी म्हटलं, वही माझी आहे, लिही. थोडा वेळ पेनाचा आवाज नव्हता. मग आला. लिहिलं, म्हणाली. वाचून दाखव असं मी म्हटलं नाही.